स्वमग्न बालकांसाठी गृहशिक्षकांची नियुक्ती व मानधन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून तीत संवाद, सामाजिक देवाणघेवाण व वर्तन यांची घडण वेगळी असते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात तिचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. निदानानंतर पालकांसमोर उभा राहणारा प्रश्न मात्र अगदी व्यावहारिक असतो : शिकवायला कोण येणार आणि त्याला काय द्यायचे? सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड किंवा वणीहून आठवड्यातून दोनदा यवतमाळ वा नागपूर गाठणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे होय. म्हणून घरी येणाऱ्या शिक्षकाचा पर्याय पुढे येतो.

चाळीस तासांचा हिशेब :
या पर्यायाचा उगम बहुतांशी अमेरिकेतील आहे. इवार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासात १९ बालकांना आठवड्याला सुमारे ४० तास, प्रशिक्षित विद्यार्थ्यांकरवी, शिकवले गेले. त्यांपैकी ९ बालके सर्वसामान्य शाळेत सामावली. बालकांची गटवारी यादृच्छिक नव्हती, तसेच पद्धतीत शिक्षेचाही वापर होता, हे पुढे विसरले गेले. आकडा तेवढा लक्षात राहिला. तासाला अवघे १०० रुपये धरले तरी महिन्याचे १६,००० रुपये होतात. कोरडवाहू कापूस उत्पादकाला हे झेपणारे नाही.

याउलट गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथील ६५ बालकांवरील चाचणी, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, अधिक जवळची वाटते. तीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित व देखरेखीखालील कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा सत्रे घेतली. पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रण करून तेच पालकांना दाखवले जाई. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला व मुलाकडून संवादाचा पुढाकार वाढला. मात्र परस्पर लक्ष देण्याच्या कालावधीत वाढ न होता घट दिसली. येथे मानधन मुलाला शिकवलेल्या तासांचे नसून आईवडिलांना शिकवण्याचे आहे, हा भेद मूलभूत होय.

नियुक्ती :
भारतीय पुनर्वसन परिषद कायदा, १९९२ नुसार नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणे दंडनीय आहे : एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. त्यामुळे गावातील पदवीधर तरुणीस नेमल्यास ती 'थेरपिस्ट' नव्हे, तर नोंदणीकृत विशेष शिक्षकाच्या मार्गदर्शनाखालील साहाय्यक ठरते. मार्गदर्शकाचे शुल्क वेगळे धरावे. पैसे वाचवण्यासाठी पालक नेमके तेच गाळतात. मूल मारले जाणार नाही आणि शिकवणीच्या वेळी घरातील एक माणूस उपस्थित राहील, या अटी आधीच लिहून घ्याव्यात.

मानधन :
तासावारी मोबदल्यात मूल आजारी पडले की शिक्षकाची कमाई बुडते. दोन-तीन महिन्यांत तो दुसरे काम शोधतो. स्वमग्न मुलाला नवा माणूस स्वीकारण्यास अनेक आठवडे लागू शकतात, त्यामुळे हे नुकसान पैशांत मोजता येत नाही. कमी तासांचे का होईना, ठरावीक मासिक मानधन, तेही पावतीसह, अधिक हितावह. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचाही अंतर्भाव आहे, पण परतावा मागताना बिले लागतात. हातोहात दिलेली रक्कम तेथे उपयोगी पडत नाही.

शेतकरी कुटुंबाची अडचण आणखी निराळी. कापूस विकला की हाती पैसा असतो, ज्येष्ठ-आषाढात तो बियाण्यात जातो. हंगामात रोज तीन तास आणि पेरणीत शून्य, यापेक्षा वर्षभर आठवड्याला चार तास परवडतात, आणि ज्येष्ठ-आषाढातले मानधन कापूस विकल्याबरोबर बाजूला काढून ठेवता येते.