मासे मरतात तेव्हा

मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे राजहंसगडाच्या पायथ्याशी पसरलेली येळ्ळूरची भातशेते पाण्याने भरून जातात आणि ओढ्यानाल्यांतून चढणीचे मासे वर येऊ लागतात. अशा दिवसांत एखाद्या तळ्याच्या काठी मेलेल्या माशांचा थर लागलेला दिसला, तर लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘विष’ हाच. संशय शेजाऱ्यावर जातो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा स्नेह एका दिवसात तुटतो. म्हणून माशांच्या मरणाची कारणे समजून घेणे हे शेजारधर्माचेही कर्तव्य आहे.

बहुधा कारण असते ते पाण्यातील प्राणवायू कमी होण्याचे. सांडपाणी किंवा कुजका पाला पाण्यात मिसळला म्हणजे प्राणवायू खर्ची पडतो. मग पहाटेच्या सुमारास सर्व जातींचे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात आणि काही तासांतच मरतात. कोल्हापूरच्या पंचगंगेत प्रदूषणामुळे मासे मेल्याच्या वार्ता वारंवार येतात.

विषाणूची रीत मात्र वेगळी. तो सहसा एखादीच जात निवडतो आणि त्याचा संहार कित्येक दिवस, कधी आठवडे चालतो. जपानमधील बिवा सरोवरात २००४ साली एक लाखाहून अधिक कार्प मासे मेले. त्याच पाण्यातील इतर जातींना फारशी बाधा झाली नाही. हा कार्पवरील हर्पिस विषाणूचा प्रताप होता. शोभेच्या कोई माशांच्या व्यापाराबरोबर हा रोग देशोदेशी पोहोचला.

आपणा ख्रिस्ती जनांना अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण गालील समुद्राचे आहे. ज्या सरोवरात संत पेत्राने जाळी टाकली, तेथील ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या तिलापिया जातीची पकड २००५ साली ३१६ टन होती. २००९ साली ती अवघ्या ८ टनांवर आली. तेथील आजारी माशांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०१४ साली एक नवा विषाणू जगापुढे मांडला. सगळी घट त्यानेच घडविली असे मात्र म्हणता येत नाही; अतिमासेमारीसारखी अन्य कारणेही सांगितली जातात. हाच विषाणू पश्चिम बंगाल व केरळ येथील तिलापियांत आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ज्याला चिलापी म्हणतात तो मासा याच कुळातला.

घाईने निष्कर्ष काढू नये, हा धडा आपल्याच देशाने शिकविला आहे. १९८८ साली ईशान्य भारतात मरळ व इतर गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर लाल व्रण पडून त्यांचा फार मोठा संहार झाला, आणि पुढे हा रोग देशाच्या इतर भागांतही पसरला. अशा व्रणांच्या माशांत विषाणूही सापडल्यामुळे आरंभी संशय त्यांच्यावरच होता. पुढे खरा अपराधी बुरशीसारखा एक सूक्ष्म जलजीव ठरला.

तेव्हा मासे मेलेले दिसल्यास काय करावे? कोणत्या जातीचे मेले, किती दिवस मरत आहेत, अंगावर व्रण आहेत काय, हे टिपून ठेवावे. कुजलेला मासा तपासणीस निरुपयोगी असतो. आजारी किंवा नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून मत्स्यखात्याकडे लवकर पोहोचवावा. देशात जलचरांच्या रोगांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय योजना २०१३ पासून सुरू झाली. मेलेले मासे पाण्यापासून दूर चुना टाकून पुरावेत. एका तळ्यातील जाळे उन्हात पूर्ण वाळविल्याखेरीज दुसऱ्या तळ्यात टाकू नये, आणि घरातील काचेच्या पेटीतले मासे दयेपोटीदेखील ओढ्यात सोडू नयेत. वर सांगितलेले दोन्ही विषाणू माणसाला बाधतात असा पुरावा नाही. तथापि मरणाचे कारण ठाऊक नसताना असे मासे खाऊ नयेत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला सर्वांचे सामाईक घर मानले. त्या घरातील मुक्या जीवांवर संकट आले असता एकमेकांकडे बोट दाखविण्याआधी सत्याचा शोध घेणे, हीच खरी सृष्टिसेवा आणि हीच शेजाऱ्यावरची प्रीती होय.