पाठीत बसवायचे 'मशीन' : कंबरदुखीसाठी कर्ज काढण्याआधी हे वाचा

गारखेडा, पुंडलिकनगर, मुकुंदवाडी या भागांतल्या वस्त्यांमध्ये काम करताना एक वाक्य जवळपास प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळते : "कंबर कामातून गेली." चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आया-बहिणी, बांधकामावर घमेली वाहणारे मजूर, वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत पाळीभर उभे राहणारे कामगार, दिवसभर रिक्षा चालवणारे भाऊ. यांच्यासाठी कंबर म्हणजेच रोजी. ती बसली की घरची चूल अडते.

अलीकडे याच घरांतून एक नवा प्रश्न येतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो : छोट्या छिद्रातून पाठीत मशीन बसवतात, मोठे ऑपरेशन नाही, दोन दिवसांत घरी. हे खरे आहे का? सोने मोडून करावे का?

थोडक्यात उत्तर असे : अशी यंत्रे खरी आहेत आणि काही ठरावीक रुग्णांना ती उपयोगी पडू शकतात. पण आपल्या वस्तीत जी कंबरदुखी सर्वाधिक दिसते, तिच्यासाठी त्यांचा पुरावा अजून कच्चा आहे. म्हणून आधी समजून घेऊ.

एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी

'मशीन', 'इम्प्लांट', 'दुर्बिणीतून' हे शब्द सरसकट वापरले जातात. त्यामागे किमान चार वेगवेगळे उपचार असतात.

पहिला, मज्जारज्जूला विजेचे सौम्य झटके देणारे यंत्र. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये पहिल्यांदा असे यंत्र बसवले. आज सुईतून बारीक तार मज्जारज्जूच्या बाहेरील पोकळीत सरकवतात. आधी काही दिवस बॅटरी शरीराबाहेर ठेवून चाचणी घेतात. दुखणे निम्म्याने तरी कमी झाले, तरच बॅटरी कातडीखाली बसवतात. मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप बदलणे हे त्याचे काम. दुखण्याचे मूळ कारण ते काढत नाही. मुख्यतः नसेच्या दुखण्यासाठी, उदाहरणार्थ पाठीचे ऑपरेशन होऊनही पाय जळजळत, ठणकत राहिला असेल तर, ते वापरले जाते.

दुसरा, स्नायूला जागे करणारे यंत्र. मणक्यांना लगटून मल्टिफिडस नावाचे खोल स्नायू असतात. ते मणक्याला आधार देतात. दीर्घ दुखण्यात हे स्नायू नीट काम करेनासे होतात, आधार सुटतो आणि दुखणे टिकून राहते, असे या उपचारामागचे गृहीतक आहे. 'रीॲक्टिव्ह-८' या यंत्राच्या तारा या स्नायूंच्या नसेजवळ बसवतात. रुग्णाने दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास पडून यंत्र चालू करायचे, म्हणजे स्नायू आकुंचन पावतो. परिणाम दिसायला महिने लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली.

तिसरा, दोन मणक्यांच्या मागच्या हाडांमध्ये बसवायची धातूची पाचर. मणक्यातील नसांची वाट अरुंद झालेल्या वयस्कांसाठी ती असते. थोडे चालले की पाय भरून येतात आणि बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते, हे त्या आजाराचे लक्षण.

चौथा, छोट्या छेदांतून स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडणे. मणका सरकला असेल, मोडला असेल, तर याची गरज पडू शकते. नुसत्या कंबरदुखीवरचा हा इलाज नाही.

छेद लहान असला म्हणजे उपचार लहान असतो असे नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, तार जागेवरून सरकू शकते, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, काही यंत्रांमुळे पुढे एमआरआय काढण्यावर बंधने येतात. शहरात असे यंत्र बसवून गावी परतलेल्या माणसाला पुढची दहा वर्षे तपासणीसाठी येत राहावे लागते, हा खर्च कोणी सांगत नाही.

अभ्यास काय सांगतात?

रीॲक्टिव्ह-८ ची मुख्य चाचणी २०४ रुग्णांवर झाली. यंत्र सर्वांना बसवले, पण एका गटाला खरे झटके आणि दुसऱ्याला नावापुरते. चार महिन्यांनी खऱ्या गटातील सुमारे ५७ टक्के, तर नावापुरते झटके मिळालेल्या गटातील सुमारे ४७ टक्के रुग्णांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला होता. फरक इतका थोडा की तो योगायोगाचाही असू शकतो. पुढे रुग्ण सुधारत गेले असे दिसले, पण तोवर दोन्ही गटांना खरे झटके सुरू झाले होते, म्हणजे तुलनेला कोणी उरले नव्हते.

मज्जारज्जूच्या यंत्राविषयी नॉर्वेत झालेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतरही पायात कळा येणाऱ्या ५० रुग्णांत यंत्र कधी चालू, कधी बंद ठेवले. रुग्णाला ते कळू दिले नाही. दोन्ही काळांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध १३ चाचण्या एकत्र तपासल्या आणि कंबरदुखीसाठी हे यंत्र संशोधनाबाहेर सर्रास वापरण्याला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. अनेक वेदनातज्ज्ञांना तो मान्य नाही. निवडक रुग्णांना फायदा होतो, असा त्यांचा अनुभव आहे. वाद चालू आहे. वाद चालू असलेल्या उपचारासाठी गरीब घराने सावकाराकडे जावे का, हा आपला प्रश्न आहे.

मग बहुतेकांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत एखादे ठरावीक कारण दाखवता येत नाही. एमआरआयमध्ये 'गादी सरकली' असे लिहून आले की माणूस घाबरतो. पण काहीही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी सुमारे निम्म्यांमध्ये गादी फुगलेली दिसते. फोटोवर नव्हे, तपासणीवर निर्णय व्हायला हवा.

याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घ, म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात भर आहे तो दुखणे समजावून सांगण्यावर, नियमित व्यायामावर, फिजिओथेरपीवर आणि मनावरचा ताण हाताळण्यावर. कमरेचा पट्टा आणि वजन लावून मणका ताणणे हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत, असे ती सांगते. आपल्याकडे घरोघरी सापडतो तो नेमका पट्टाच! अंथरुणात पडून राहिल्यानेही स्नायू आणखी ढिले पडतात.

ही लक्षणे असतील तर मात्र थांबू नका

लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली ताकद झपाट्याने जाणे : त्याच दिवशी घाटी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वयस्क बाई पडल्यानंतर कंबर दुखू लागली किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरीही तपासणी लांबवू नका.

कोणी इम्प्लांट सुचवले तर विचारा

माझ्या दुखण्याचे नेमके कारण काय आणि ते कशावरून ठरवले? चारपैकी कोणता उपचार, यंत्राचे नाव काय? सहा महिने व्यायाम आणि फिजिओथेरपी करून पाहिली तर काय बिघडेल? कायमचे बसवण्याआधी चाचणी होणार का? यंत्र, खोली, भूल, बॅटरी यांचा एकूण खर्च लेखी द्याल का? गुण आला नाही तर काढायचा खर्च कोणाचा?

हे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे, तो आपला हक्क आहे. चांगले डॉक्टर शांतपणे उत्तर देतात. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या, शक्यतो ज्याला ते ऑपरेशन स्वतः करायचे नाही अशाचे.

पैशांबाबत : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते यादीतल्या उपचारांनाच. मणक्याची काही ऑपरेशन्स यादीत आहेत म्हणून प्रत्येक यंत्र असेलच असे नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचाराचे नाव सांगून आधी खात्री करा. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर त्या दवाखान्यात आधी जा. आपलाच पैसा तिथे जमा आहे.

भोग नव्हे, ओझे

कंबरदुखीला आपल्याकडे अजून 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणतात. दीघनिकायातील संगीतिसुत्तात स्वतः बुद्ध पाठ दुखते म्हणून सारिपुत्तांना धम्म सांगायला लावून विश्रांती घेतात. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात तर सर्वच वेदना पूर्वकर्माने येतात हे मत ते नाकारतात. पित्त, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, इजा अशी कारणे ते सांगतात. दुखण्याचे कारण डोळ्यांसमोर शोधा, असाच त्याचा अर्थ.

आपल्या वस्तीत ते कारण बहुतेकदा ओझे असते. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असतानाच्या काळात, १९४६ च्या दुरुस्तीने, कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३४ ने इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली. पण घरकाम करणाऱ्या बाईच्या बादलीला कोणता कायदा लागतो?

इथे आपण काही करू शकतो. विहारात महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट बोलावून कंबरेचे चार व्यायाम शिकवता येतील. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरीही आता कामाला बाई येते. तिला वाकून फरशी पुसायला लावू नका, लांब दांडीचा पोछा आणून द्या. बादली अर्धीच भरा. भांडी घासायला उभ्याने करता येईल असा ओटा द्या, आणि कंबर धरली तर पगार न कापता दोन दिवस सुट्टी द्या.