जुन्या पिकअपची गेलेली अश्वशक्ति

पेण व रोहें तालुक्यांतील पुष्कळ भातशेतकऱ्यांच्या दारांत बैलगाडीच्या जागीं आतां लहान पिकअप उभी असते. भाताचीं पोतीं गिरणीस पोंचविणें, खताच्या गोणी आणणें, भाजी पहाटे बाजारांत नेणें हीं सर्व कामें तीच करते. अशी गाडी दहाबारा वर्षांची झाली म्हणजे नागोठणें-रोहें रस्त्यावरील भिसे खिंडींत धापा टाकूं लागते, आणि मालकाच्या मनांत इंजिनाची शक्ति वाढवून घेण्याचा विचार येतो. नव्या गाडीस कर्ज काढावें लागतें, त्यामुळें हा विचार साहजिक आहे. परंतु बैल चालेनासा झाला तर चाबूक उचलण्यापूर्वीं त्याच्या खुरांत कांटा रुतला आहे कीं काय, हें आपण पाहतों. गाडीसही तोच न्याय लावावा.

हा बोध आम्हांस स्वतःच्या नुकसानींतून झाला. आमच्या घरच्या जुन्या पिकअपचा डिझेल पंप आम्हीं एका कारागिराकडून अधिक तेल सोडील असा फिरवून घेतला. पहिले चार दिवस गाडी जोमानें चालली. मागें मात्र काळा धूर निघूं लागला. पुढें परतीच्या पावसांत भात घेऊन जात असतां खिंडींतच पाणी उकळलें व हेड गॅस्केट फुटलें. गाडी रात्रभर तेथेंच राहिली आणि पोतीं भिजलीं. इंजिन उघडलें तेव्हां एअर फिल्टर कोंड्यानें गच्च भरलेला आढळला. एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. आणि श्वास कोंडलेल्या इंजिनास आम्हीं आणखी तेल पाजीत होतों. दोष कारागिराचा नव्हे. मागणी आमचीच होती.

आतां चढाचा हिशेब पाहूं. ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्यास लागणारी शक्ति ती एक अश्वशक्ति. मालासह दीड टन वजनाची गाडी वीस मीटर जाण्यांत एक मीटर उंच होणाऱ्या चढावर ताशीं ३६ किलोमीटर वेगानें चालली, तर ती दर सेकंदास अर्धा मीटर वर जाते. केवळ एवढ्यासाठीं १० अश्वशक्ति खर्च होतात. अर्धा टन माल अधिक भरल्यास हाच आंकडा १३ च्या वर जातो. लोक ज्यास छोटा हत्ती म्हणतात त्या टाटा एसचें २००५ सालीं निघालेलें दोन सिलिंडरचें डिझेल इंजिन अवघ्या १६ अश्वशक्तींचें होतें, आणि चाकांचें घर्षण व हवेचा अडथळा यांचा खर्च निराळाच. उलट, तोच चढ ताशीं १८ किलोमीटर वेगानें चढल्यास चढासाठीं लागणारी शक्ति निम्मी होते. म्हणून बेताचा माल भरणें व खालचा गिअर वेळींच टाकणें हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय.

यानंतर तपासणी क्रमानें करावी. प्रथम एअर फिल्टर पाहावा. मळणीच्या दिवसांत तो लवकर भरतो. मग डिझेल फिल्टर बदलून त्यांतील पाणी काढावें. टर्बो असलेल्या गाडींत हवेच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत काय, तें पाहावें. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाहीं, असें असल्यास क्लच घसरत आहे असें समजावें. खारपाटांतून फिरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक गंजून चाकास चिकटून राहतात; जॅक लावून प्रत्येक चाक हातानें फिरवून पाहावें. टायरांत हवा पुरेशी ठेवावी. एवढें करूनही उणीव राहिली, तरच टॅपेट, इंजेक्टर व कॉम्प्रेशन यांची जाणत्याकडून परीक्षा करवावी. कॉम्प्रेशन उतरलें असल्यास इंजिन बांधून घेण्यास पर्याय नाहीं.

मोठें इंजिन बसविण्याचा मोह होणाऱ्यांनीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम लक्षांत ठेवावें. नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं न जुळणारा फेरफार करण्यास तें मनाई करतें. इंजिन बदलण्यापूर्वीं पेण येथील परिवहन कार्यालयांत विचारावें. वाजवीपेक्षां अधिक माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे, हेंही विसरूं नये.

भात कापणीस येण्यापूर्वीं या कामासाठीं एक दिवस काढावा. दुरुस्तीच्या आधीं व नंतर, तोच चढ, तोच माल व तोच गिअर ठेवून गाडी चालवावी, आणि वेग वहींत टिपून ठेवावा. कारागिराच्या शब्दापेक्षां ही वही अधिक खरें सांगेल.