वात, रस आणि हवा

सिगारेट सोडून व्हेपकडे वळलेल्या माणसाच्या तक्रारी ठरलेल्या असतात: पॉड गळतं, नाहीतर जळकं लागतं. दुरुस्तीच्या माझ्या हौसेची ख्याती झाल्यामुळे लेस्टरमधली आमची मराठी मंडळी असली पॉडं माझ्याकडे आणून टाकतात आणि त्यांतली बरीचशी धडधाकट निघतात. पॉड म्हणजे भरून वापरायची कार्ट्रिज. तिचे दोष दिसायला दहा, पण मुळात दोनच. वातीला रस कमी पोचतो, नाहीतर जास्त पोचतो. बाकीची सगळी या दोघांचीच पिलावळ.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची कुपी. वर तोंडात धरायची चपटी नळी, बाजूला रस भरायचं भोक आणि त्यावर रबरी बूच. पोटात बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि तिला लगटून कापसाची वात. खाली बॅटरीला टेकणारे सोनेरी ठिपके. झुरका घेतला की तार तापते आणि कापसातल्या रसाचा धूसर फवारा होऊन बाहेर येतो. रस म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात निकोटीन आणि स्वाद.

इतिहास उरकून टाकतो. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टने धूररहित सिगारेटचं पेटंट 1965 साली मिळवलं, पण बाजारात काही आलं नाही. आजच्या व्हेपचा जनक मानतात तो चीनमधला औषधशास्त्रज्ञ होन लिक. त्याचं काम 2003चं. व्हेप निरुपद्रवी नाही, निकोटीनचं व्यसनही सुटत नाही. पण सिगारेट सोडवायला त्याची मदत होते हे ब्रिटनच्या आरोग्यखात्याने मान्य केलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा सूर बराच सावध आहे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये, हे माझं मत. झाला इतिहास.

आता माझ्या आवडीचा भाग. सुरुवातीच्या ई-सिगारेटचे तीन तुकडे असत: बॅटरी, अ‍ॅटमायझर म्हणजे रस तापवणारा भाग, आणि कार्ट्रिज. कार्ट्रिज म्हणजे पॉलिस्टरचा पिंजलेला धागा कोंबलेलं प्लॅस्टिकचं टोपण. अ‍ॅटमायझरची जाळी त्या धाग्याला टेकायची आणि रस शोषून घ्यायची. पण धागा मोठा कंजूष! पोटात रस असूनही चार-सहा झुरक्यांनंतर जळका वास सुरू. मग इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी धागा उपसून काढला आणि त्या जागी काय काय भरून पाहिलं! कुणी मत्स्यालयाच्या फिल्टरचा निळा फोम कापून बसवला. कुणी चहाच्या पिशवीतला चहा ओतून टाकला, रिकाम्या पिशवीची गुंडाळी केली आणि ती भरली. ती रस धरून ठेवायची आणि मागितला की सोडायचीही. एका जुन्या व्हेपवाल्याकडे मी अशी कार्ट्रिज पाहिली, चिमट्याने गुंडाळी ओढून काढून. कागद तपकिरी पडला होता, पण वळकटी अजून घट्ट होती. धरणं आणि सोडणं, दोन्ही जमलं पाहिजे. सगळी मेख तिथेच आहे.

आजच्या पॉडमध्ये रस मोकळा असतो, पण मेख तीच. पणतीची वात तेल ओढते तसाच हा कापूस रस ओढतो. फरक एवढाच की पणती उघडी असते आणि कुपी बंद. रसाचा थेंब वातीत गेला की कुपीत तेवढी जागा होते. तिथे हवा आली नाही तर आतला दाब उतरतो आणि पुढचा थेंब अडतो. हवा येते तीही कापसाच्या कडेनेच, रसाच्या उलट दिशेने. झुरका घेतल्याबरोबर पॉड खिडकीच्या उजेडात धरा. कॉइलच्या कडेने मोहरीएवढा बुडबुडा सुटून वर जाताना दिसेल. तो दिसला की समजावं, पॉडची तब्येत ठणठणीत आहे.

आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, म्हणूनच रस खाली ओघळत नाही. बूच नीट बसलं नाही तर हवा भलत्या वाटेने शिरते, दाब सारखा होतो आणि सगळा रस कॉइलमधून खाली उतरतो. परवा एक विद्यार्थिनी आली. "काका, हे तिसरं पॉड गळतंय, कंपनीच भिकार आहे." बूच उचलून पाहिलं तर कडेला टिश्यूपेपरचा एक तंतू अडकलेला. तो काढला, बूच नखाने सगळीकडून दाबलं, गळती थांबली. तेव्हा आधी संशय बुचावर घ्यावा, कॉइलवर नंतर.

काठोकाठ भरणं हेही गळतीचं एक कारण. बूच दाबताना आतला रस कापसात रेटला जातो आणि पहिल्याच झुरक्याला गुळगुळ आवाज येतो. थोडी हवा राहू द्यावी. गुळगुळलंच तर पॉड बॅटरीपासून काढून खाली टिश्यूपेपर धरावा आणि नळीतून हळूच फुंकर मारावी. जास्तीचा रस कागदात येतो. मग सोनेरी ठिपके कोरड्या कापसाने पुसावेत. तिथे ओल राहिली की बॅटरी पॉडला ओळखत नाही आणि लोक बॅटरीच फेकून देतात. हात मात्र लगेच धुवावेत. निकोटीन कातडीतून शोषलं जातं, आणि रसाची बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये.

दुसरी पिलावळ कोरडेपणाची. नवी कॉइल बसवून रस भरला की पाच-दहा मिनिटं थांबायचं, कापूस पुरता भिजू द्यायचा. हे कुणाला म्हणजे कुणाला जमत नाही! कोरड्या कापसाला चटका बसला की तो करपतो, आणि करपलेल्या कापसाला औषध नाही. ग्लिसरीन जास्त असलेला दाट रस छोट्या पॉडच्या बारीक छिद्रांतून सरकत नाही. तिथे निम्मं-निम्मं मिश्रण बरं. सगळ्यात वाईट म्हणजे गोड रस. त्यातलं सुक्रालोज तारेवर करपून काळी खरपुडी धरते. आंब्याच्या स्वादाचे शौकीन माझ्याकडे सर्वांत जास्त येतात.

बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शनकेंद्रात भरणाऱ्या व्हेपच्या प्रदर्शनात मी हाताने कॉइल बांधणारे पाहिले. तार बहुधा कॅन्थलची, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. तापल्यावर तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच तिला जपतो. भट्ट्या आणि टोस्टरही याच जातीच्या तारेवर चालतात. एक तरुण वेटोळ्यातून कापूस ओवत होता. ओढताना तार किंचित हलली पाहिजे, पण वाकता कामा नये. मग दोन्ही शेपट्या तिरक्या कापून त्याने चिमट्याने पिंजल्या. शेपटी जाड राहिली तर रस अडतो, विरळ झाली तर गळतो. मी तिथून हललोच नाही, बाकीचं प्रदर्शन राहूनच गेलं.

कुपीत व्हेपच्या रसाशिवाय काहीही घालू नये. अमेरिकेत 2019 साली फुप्फुसाच्या विकाराची साथ आली. फेब्रुवारी 2020पर्यंत 2,807 रुग्ण आणि त्यांत 68 मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर होता. पोटात गेलं तर चालतं ते फुप्फुसात चालतंच असं नाही.

विमानात पॉड का गळतं, हेही दाबाचंच गणित. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठेवतात. कुपीत कोंडलेली हवा फुगते आणि रसाला बाहेर ढकलते. त्यामुळे अर्धं भरलेलं पॉड काठोकाठ भरलेल्यापेक्षा जास्त गळतं. रिकामं करून न्यावं हे उत्तम. पण दिवाळीला भारतात घरी जाणाऱ्यांनी ही वस्तू सामानात नेऊच नये. तिथे 2019च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक, सगळ्यावर बंदी आहे.

ब्रिटनमध्ये कायदा वेगळ्या वाटेने गेला. 2016च्या नियमांनी टाकीत जास्तीत जास्त 2 मिलिलिटर रस ठरवला, म्हणजे नेहमी ओढणाऱ्याला रोज भरणं आलं, आणि प्रत्येक भरणं म्हणजे बुचाची नवी परीक्षा! एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर 1 जून 2025पासून बंदी आली. त्याआधी तसली लाखो यंत्रं दर आठवड्याला कचऱ्यात जात, लिथियमच्या बॅटरीसकट. आता चार्जिंगची सोय आणि बदलता येणारं पॉड असलेली यंत्रं जवळपास त्याच किमतीला मिळतात, आणि काही गिऱ्हाइकं तीही एकदाच ओढून फेकतात. भरायचं भोक कायद्याने दिलं खरं. पण बूच कसं दाबायचं आणि बुडबुडा कुठे पाहायचा, हे दुकानदाराने विकतानाच दोन मिनिटं दाखवलं, तर कचरा कमी होईल आणि माझ्या दारातली गर्दीही.