तिसाव्या किलोमीटरनंतर
मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, पण हौशी धावपटूची खरी परीक्षा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास सुरू होते. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, तोवर संपत आलेलं असतं. चरबीतून ऊर्जा मिळते, पण सावकाश. पाय जड होतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये नेमका याच थकव्यात पेडर रोडचा चढ येतो, तोही ऊन वाढत असताना. म्हणून आठवड्याची लांब धाव मुद्दाम संथ ठेवावी, सोबत्याशी गप्पा मारता येतील इतकी. त्यातूनच शरीर चरबी वापरायला सरावतं. नवख्यांना हे पटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वेगाच्या हव्यासापायी कित्येक जण दुखापत घेऊन घरी बसतात. शर्यतीत केळं, खजूर, जे खाणार असाल त्याची पोटाला सरावातच सवय लावा.