प्लेगची गाठ आणि पेशीतील एक खूण

बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तो वाडा आज उभा नाही. राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरविण्यात आला. सावित्रीबाईंचा अंत कसा झाला, हेही आपण दरवर्षी ऐकतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आढळला आणि पुढील वर्षाच्या आरंभी तो पुण्यात पसरला. दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने सावित्रीबाईंनी शहराबाहेर रुग्णांची शुश्रूषा चालविली. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर वाहून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या पुण्याचा इतिहास लिहिताना २२ जूनच्या रँडवधाला पानेच्या पाने मिळतात आणि मार्चमधील या मृत्यूला दोन ओळी मिळतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून हे प्रमाण मला कधीच पटलेले नाही.

परंतु आजच्या लेखाचा विषय निराळा आहे. निरोगी माणसाला चार-सहा दिवसांत आडवे करणाऱ्या या रोगापुढे शरीराची उपजत प्रतिकारशक्ती हतबल का होते? प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी ओळखला, तर उंदरांवरील पिसवांमार्फत तो पसरतो हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी दाखविले. तो शरीरात शिरल्यावर नेमके काय करतो, याचे उत्तर मात्र मिळण्यास पुढील शंभर वर्षे लागली आणि ते एका अतिशय लहान प्रथिनापाशी जाऊन पोहोचले.

त्या प्रथिनाचे नाव युबिक्विटिन. १९७५ साली त्याचा शोध लागला. ‘सर्वत्र आढळणारे’ अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले असून ते सार्थ आहे. अवघ्या ७६ ॲमिनो आम्लांची ही माळ माणसात आणि पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये जवळजवळ सारखीच असते. फरक फक्त तीन मण्यांचा. पेशीतील इतर प्रथिनांना ही माळ खुणेसारखी चिकटविली जाते. चिकटविण्याचे काम तीन प्रकारची विकरे पाळीपाळीने करतात. त्यांतील तिसऱ्या प्रकारची विकरे माणसात सहाशेहून अधिक आहेत, कारण कोणत्या प्रथिनाला खूण लावायची हे तीच ठरवितात. खूण लागलेले प्रथिन पेशीतील प्रोटिआसोम नावाच्या यंत्रात जाऊन त्याचे तुकडे होतात, ही गोष्ट उलगडल्याबद्दल ॲरन चेखानोव्हर, अव्रम हर्षको आणि अर्विन रोझ यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र प्रत्येक खूण म्हणजे मृत्युपत्र नव्हे. एका युबिक्विटिनला दुसरे, दुसऱ्याला तिसरे जोडून साखळी तयार होते आणि ती कोणत्या जागी जोडली आहे यावर तिचा अर्थ ठरतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा भेद. पण एक दिवस आहे तर दुसरा गरीब. तसेच येथे आहे. ४८ व्या जागी जोडलेली साखळी बहुधा ‘याचा नाश करा’ असे सांगते. ६३ व्या जागी जोडलेली साखळी नाशाचा हुकूम देत नाही. ती संदेशवाहक प्रथिनांना एकत्र येण्यासाठी ओटा बांधून देते.

आता दाह म्हणजे काय ते पाहू. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही त्याची चार जुनी लक्षणे. जंतूच्या आवरणाचा अंश भक्षक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला लागताच आत ६३ च्या साखळ्या बांधल्या जातात. त्या ओट्यावर जमलेली विकरे परस्परांना फॉस्फेट जोडून जागी करतात. एरवी पेशीत ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन एका पहारेकरी प्रथिनाने जखडलेले असते. जाग्या झालेल्या विकरामुळे त्या पहारेकऱ्यावर ४८ ची साखळी चढते, प्रोटिआसोम त्याचा फडशा पाडते आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन दाहाची जनुके चालू करते. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धाव घेतात, अंगात ताप भरतो. या प्रथिनाचा शोध १९८६ साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन या भारतीय संशोधकाने लावला, हे मुद्दाम नोंदवितो.

प्लेगचा जंतू या व्यवस्थेला दोन ठिकाणी फसवितो. पिसवेच्या थंड शरीरात असताना त्याच्या आवरणातील स्निग्ध रेणूला सहा शेपट्या असतात व तो आपल्या ग्राहकाला सहज ओळखू येतो. माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत येताच तो चार शेपट्यांचा रेणू बनवितो आणि ग्राहकाला त्याची चाहूल क्षीणच लागते. दुसरी युक्ती अधिक धूर्त आहे. जंतूजवळ सुईसारखे उपकरण असते. त्यातून तो भक्षक पेशीत ‘योपजे’ हे प्रथिन टोचतो. हे प्रथिन युबिक्विटिनच्या खुणा पुसत असावे, असा प्रथम कयास होता. २००६ साली दिसून आले की, विकराला जागे करणारे फॉस्फेट जेथे बसावयाचे, नेमक्या त्याच जागी ते ॲसिटाइल गट बसविते. कुलपाच्या भोकात मेण भरावे तसा हा प्रकार. पुढची साखळी चढतच नाही, पहारेकरी जिवंत राहतो आणि घंटा वाजत नाही. त्या शांततेत जंतू लसिकाग्रंथीत अमाप वाढतात. अखेर दाह होतो तो उशिरा आणि अनावर. जांघेत वा काखेत गाठ येते. याच गाठीमुळे त्या काळी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. १८९७ मध्ये यावर प्रतिजैविक नव्हते. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली मृत जंतूंची लस त्यांनी १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतली होती; परंतु ती जनसामान्यांपर्यंत पोहोचण्यास अवकाश होता.

घंटा वाजणे जितके आवश्यक, तितकेच ती थांबणेही. एनएफ-कप्पा-बी ज्या जनुकांना चालू करते, त्यांत ‘ए-२०’ या प्रथिनाचे जनुकही असते. हे ए-२० युबिक्विटिनच्या साखळ्यांत फेरफार करून संदेश थांबविते. म्हणजे दाह आपल्या शेवटाची सोय स्वतःच करून ठेवतो. ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत सदोष असते, त्यांच्यात बालपणापासून पुन्हापुन्हा ताप, तोंडात फोड, सांधेदुखी अशा तक्रारी उद्भवतात. या विकाराचे वर्णन २०१६ साली प्रथम झाले. वसतिगृहात असा एखादा विद्यार्थी वारंवार तोंड आल्याची व ताप आल्याची तक्रार करीत असेल, तर ‘अभ्यास चुकवितो’ असा शिक्का मारण्यापूर्वी त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशी दुखणी बहुधा साध्या कारणांनीच होतात आणि हा विकार दुर्मीळ आहे. पण त्याचे निदान आता जनुक-तपासणीने होऊ शकते व दाह आवरणारी औषधेही आहेत. मात्र ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडची गोळी हीच संदेशयंत्रणा दाबते. त्यामुळे ताप उतरतो, पण आत जंतुसंसर्ग असेल तर त्याला मोकळे रान मिळते.