आयबी डिप्लोमा : सोळाव्या वर्षीची निवड

राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कार्यालयांमुळे निरनिराळ्या देशांचे अधिकारी सहकुटुंब जिनिव्हात येऊन राहिले. त्यांच्या मुलांसाठी 1924 साली तेथे एक आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. मुले एकत्र शिकत, परंतु शेवटच्या वर्षांत वाटा फुटत. कोणाला फ्रान्सच्या परीक्षेची तयारी करावी लागे, कोणाला इंग्लंडच्या, तर कोणाला अमेरिकेतील प्रवेशपरीक्षेची. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शिक्षणाची होणारी ओढाताण आपल्याकडील कुटुंबांनाही अपरिचित नाही. या अडचणीवर उपाय म्हणून 1968 साली जिनिव्हातच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी, ही संस्था स्थापन झाली. भारतात हा डिप्लोमा प्रथम 1976 साली कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलने आणला. आज मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतही दहावीच्या निकालानंतर त्याची चर्चा होते. मात्र तो मुळात देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी घडवला गेला, हे त्या चर्चेत सहसा कोणी लक्षात घेत नाही.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. विद्यार्थी सहा विषय निवडतो. त्यांपैकी साधारणतः तीन हायर लेव्हलचे, प्रत्येकी 240 तासांचे, आणि उरलेले स्टँडर्ड लेव्हलचे, प्रत्येकी 150 तासांचे असतात. प्रत्येक विषयाला 1 ते 7 अशी श्रेणी मिळते. सहा विषयांचे 42 गुण होतात, आणि निबंध व ज्ञानमीमांसा यांचे मिळून जास्तीत जास्त 3 गुण धरून एकूण 45. उत्तीर्ण होण्यास किमान 24 गुण आवश्यक असतात. टक्केवारीची सवय असलेल्या पालकांना 38 गुण ऐकून निराशा वाटते, परंतु तो उत्तम निकाल होय.

या डिप्लोमाचे खरे बळ परीक्षेबाहेर आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा दीर्घ निबंध लिहावा लागतो. संदर्भ शोधणे, पुरावा तपासणे आणि मांडलेले मत मागे घेण्याचे धैर्य दाखवणे हे सारे येथे सतराव्या वर्षी शिकावे लागते. आपल्याकडे अनेकांच्या वाट्याला हे पदव्युत्तर शिक्षणातही येत नाही. जोडीला ‘थिअरी ऑफ नॉलेज’ हा विषय असतो. आपल्याला जे ठाऊक आहे ते कशाच्या आधारे, हा त्याचा गाभा. सर्जनशील कार्य, शारीरिक उपक्रम आणि सेवा यांना गुण नसतात, पण ती पूर्ण केल्यावाचून डिप्लोमा मिळत नाही.

आता अडचणीची बाजू. ती विषयनिवडीत दडलेली आहे, आणि घरात तिचा विचार बहुधा फार उशिरा होतो. सहा विषय सहा गटांतून घ्यायचे असतात. विज्ञानाचा एक विषय ठरलेलाच, आणि कलागटाऐवजी आणखी एक घेता येतो. म्हणजे सामान्यतः दोनच. भारतात वैद्यकीय प्रवेशासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात. तिन्ही घेण्याची वाट आहे, परंतु ती अपवादाची. विद्यापीठाची तशी अट असल्याचे दाखवून शाळेमार्फत आधीच अनुमती घ्यावी लागते. दोन वर्षे सरल्यावर ही गोष्ट उमगली, तर हाती असलेल्या उत्तम निकालाचा त्या विद्यार्थ्याला काही उपयोग होत नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. मे सत्राची परीक्षा एप्रिलअखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, आणि ‘नीट’ सहसा याच दिवसांत येते. निकाल जुलैच्या आरंभी लागतो. परदेशी विद्यापीठे शिक्षकांनी वर्तवलेल्या अंदाजित गुणांवर सशर्त प्रवेश देतात. भारतातील अनेक प्रवेशप्रक्रिया मात्र गुणपत्रिका मागतात. भारतीय विद्यापीठ महासंघ आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्ष मानतो, हे खरे. तथापि समकक्षता कागदावर असणे आणि प्रवेशाच्या रांगेत वेळेवर उभे राहता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिला खर्चाचा प्रश्न. वर्षाचे शुल्क लाखांच्या घरात जाते. बहुतेक कुटुंबे दोन वर्षांच्या शुल्काचा हिशेब मांडतात आणि तेथेच थांबतात. वस्तुतः ही रक्कम पहिला हप्ता आहे. या शिक्षणाचा पुरेपूर लाभ परदेशी विद्यापीठात मिळतो, आणि तेथील तीन-चार वर्षांचे शुल्क, निवास व चलनाचा बदलता दर हा ताळेबंद त्यापुढे सुरू होतो. परदेशी जाण्याची ऐपत नाही किंवा इच्छा नाही, तरीही केवळ शाळेच्या प्रतिष्ठेसाठी मुदतठेवी मोडणे विवेकाचे ठरत नाही. उलट, मुलगी कायदा, अर्थशास्त्र वा साहित्य शिकू इच्छिते, वाचनाची तिला मनापासून गोडी आहे आणि पुढील चार वर्षांची तरतूद झालेली आहे, अशा घरात हा खर्च सार्थकी लागू शकतो.

म्हणून शाळेचे माहितीपत्रक हाती घेण्यापूर्वी ज्या विद्यापीठांत जाण्याचा विचार आहे, त्यांच्या प्रवेशाच्या अटी मिळवाव्यात. कोणता विषय कोणत्या स्तरावर हवा, गणिताच्या दोन अभ्यासक्रमांपैकी कोणता चालतो, हे त्यांत लिहिलेले असते. तो कागद समोर ठेवून मुलाबरोबर बसावे, आणि सहा विषयांची नावे मुलानेच लिहावीत.